वाचक विचारतात: वर जंगल जळलं, मग खालची पूररेषा खरी धरायची का?

मागच्या अंकात पूररेषेवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की डोंगरावरचं जंगल जळलं की खालच्या गावाचा पुराचा नकाशा त्याच दिवशी जुना झाला समजा. तेवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीच्या लेखाला कुणी विचारलंच नाही. चला, मग आज तेच घेऊ.

अल्बुकर्कीहून एक वाचक: नमस्कार काका, आम्ही मूळचे नाशिकचे, आता न्यू मेक्सिकोत असतो. इथून तीनेक तासांवर रुईडोसो म्हणून डोंगरातलं गाव आहे, पाइनची झाडं, थंड हवा, आपलं महाबळेश्वरच समजा. तिथं एक छोटं घर घ्यायचं चाललंय, किंमत पण बरी मिळतीय. एजंट म्हणतो फेमाच्या, म्हणजे इथल्या सरकारी आपत्ती खात्याच्या, नकाशात हे घर पूरक्षेत्रात येतच नाही, नदी लांब आहे, घरामागं फक्त एक कोरडा ओहोळ आहे. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, मला मात्र २०२५ चे ते व्हिडिओ आठवतात. आग आणि पूर यांचा संबंध काय हेच मला नीट कळलेलं नाही.

ताई, किंमत बरी का मिळतीय ते आधी बघा.

१७ जून २०२४ ला तिथं साउथ फोर्क आणि सॉल्ट असे दोन वणवे एकाच दिवशी पेटले, दोन्ही मिळून पंचवीस हजार एकरांच्या आसपास जळलं, चौदाशेच्या घरात बांधकामं गेली. त्याच पावसाळ्यात पुराला सुरुवात झाली. मग ८ जुलै २०२५ ला दुपारी जळालेल्या डोंगरावर दीडेक तासात काही ठिकाणी साडेतीन इंचापर्यंत पाऊस झाला आणि रिओ रुईडोसो नदी २० फुटांच्या वर गेली, एरवी जी पायात चप्पल ठेवून ओलांडता येते ती. तीन माणसं गेली, त्यात दोन लहान मुलं. पाण्यावरून अख्खं घर वाहत जातानाचा व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. रुईडोसोचा स्पॅनिश अर्थ गोंगाट करणारी, नदीचंच नाव गावाला पडलंय.

आता हे होतं कसं ते सांगतो. उभ्या जंगलात पावसाचा थेंब थेट मातीवर पडत नाही, आधी पानांवर, मग फांदीवर, मग खाली पालापाचोळ्याच्या गादीवर, आणि त्या गादीतून निवांत मुरत जातो. जे काही वाहतं त्याला पण काटक्या, गवत, मुळं अडवत असतात. वणव्यात छत्री गेली, गादी गेली, अडवणारं कुणी राहिलं नाही. राहिली नुसती उघडी माती आणि वर राखेचा थर, ती राख मातीची छिद्रं बुजवते. शिवाय पाला जळताना त्यातले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि दोन-चार सेंटिमीटर खाली गार होऊन बसतात, म्हणजे मातीच्या आत मेणकापड अंथरल्यासारखं. वर्तमानपत्रवाल्यांना हा मेणाचा थर फार आवडतो, प्रत्येक बातमीत तोच असतो. माझं मत विचाराल तर छत्री आणि गादी जाणं हेच मोठं कारण, मेणाचा थर सगळीकडे सारखा नसतो आणि बऱ्याच ठिकाणी एकदोन वर्षांत तुटतो.

तर जे पाणी मुरायला हवं होतं ते सगळं एकदम ओहोळात येतं, आणि एकटं येत नाही, राख, माती, जळके ओंडके, दगड घेऊन येतं. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटला तो "कोरडा ओहोळ". वणव्यानंतरचा पूर बहुतेक वेळा नदीतून येत नाही, तो आधी घरामागच्या घळीतून येतो, ज्या घळीला कुणी नाव पण दिलेलं नसतं.

एजंट खोटं बोलत नाहीये. फेमाचा नकाशा दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुराचा असतो आणि तो बनवताना वरचं जंगल उभं आहे असंच धरलेलं असतं. नकाशा बरोबर आहे, फक्त ज्या डोंगरासाठी काढला तो डोंगर आता तिथं नाही. तेव्हा वणव्यानंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, यूएसजीएसने, काढलेला लोंढ्याच्या धोक्याचा नकाशा बघा, तो फुकट बघायला मिळतो, त्यात घळीनिहाय रंग दिलेले असतात. घर बघायला जाल तेव्हा ओहोळातून वर चालत जा, नवीन गाळाचे ढीग, झाडांच्या बुंध्यावर चिखलाची रेघ, वाहून आलेले दगड दिसतात का बघा. आणि घर घेतलंतच तर पुराचा विमा वेगळा काढावा लागतो, नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूरविम्याला साधारण ३० दिवस थांबावं लागतं. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या वणव्यामुळे पूर आला तर त्यात काही सवलत आहे पण तिच्या अटी आहेत, त्या विम्याच्या एजंटकडून लिहून घ्या. ढग आल्यावर विमा काढायला पळू नका.

सांगलीहून एक वाचक: सर, आम्ही आयर्विन पुलाची पातळी बघत मोठे झालो. ४५ फूट म्हणजे धोका हे आमच्या पोरांना पण पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या दुकानात छातीएवढं होतं. आमच्याकडं निळी आणि लाल रेषा आहे तशी तिकडं वणव्यानंतर नवी रेषा मारतात का? आणि सह्याद्रीत वणवा लागला तर आमची रेषा बदलते का?

तुमची रेषा बदलत नाही, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो म्हणजे काळजी मिटेल. आपली निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. सांगलीला येणारं कृष्णेचं पाणी हजारो चौरस किलोमीटरवरून गोळा होतं, दिवसच्या दिवस पाऊस पडतो, धरणं भरतात, विसर्ग सुटतो, मग पातळी इंच इंच चढते. तुम्हाला दुकान रिकामं करायला एक दिवस तरी मिळतो (मिळालेला दिवस आपण पाणी कुठवर येतंय ते बघण्यात घालवतो ही वेगळी गोष्ट). एवढ्या मोठ्या पाणलोटात चार डोंगर जळले तर आयर्विन पुलाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

वणव्यानंतरच्या पुराचं गणित उलटं आहे. पाणलोट एवढासा, एक-दोन चौरस किलोमीटरचा सुद्धा चालतो, आणि वेळ दिवसांत नाही, मिनिटांत. तिथं २४ तासांत किती पाऊस झाला याला फारसा अर्थ नसतो, १५ मिनिटांत किती झाला ते विचारतात. म्हणून १०० वर्षांचा पूर वगैरे भाषाच तिथं डळमळते. आपण १०० वर्षांचा पूर काढतो तो जुन्या नोंदींवरून, म्हणजे डोंगर तोच आहे, नदी तीच आहे असं धरून. डोंगरच बदलला तर जुन्या नोंदी काय कामाच्या? दक्षिण कॅलिफोर्नियात तर वणव्यानंतरच्या पहिल्या वर्षी, एरवी दर एकदोन वर्षांनी पडतो असला साधा पाऊस सुद्धा चिखल-दगडांचा लोंढा आणायला पुरतो.

मी स्वतः पाटबंधाऱ्याच्या कामात पूररेषेचे दगड रोवायला उन्हातान्हात फिरलोय. एका गावात आम्ही रोवलेला दगड दुसऱ्या आठवड्यात चाळीस फूट नदीकडं सरकलेला होता, कुणाचा तरी प्लॉट रेषेबाहेर पडावा म्हणून. आपल्याकडं रेषा अशी सरकते! तिकडं डोंगर जळून सरकते, पण कायमची नाही, झाडोरा परत आला की दोन ते पाच वर्षांत बरीचशी मूळ जागी येते. म्हणून तिकडं वणव्यानंतर कायद्याची नवी रेषा लगेच मारत बसत नाहीत, तात्पुरता धोक्याचा नकाशा काढतात आणि इशाऱ्याची यंत्रणा त्याला जोडतात. दगड रोवण्यापेक्षा मला ते शहाणपणाचं वाटतं.

पुण्याहून एम.टेक.ची एक विद्यार्थिनी: सर, मला प्रोजेक्टसाठी उत्तराखंडमधला वणवा घेऊन खालच्या नदीचा पुराचा धोका मॅप करायचाय. सॅटेलाइट इमेज डाउनलोड केल्यात, बर्न सेव्हरिटीचा नकाशा पण झाला, गाइड म्हणतात आता तोच दाखव. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार, आणि गाइडना माझं नाव सांगू नकोस.

तू काढलास तो नकाशा जळीताचा, पुराचा नाही. तो कसा निघतो ते बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: हिरवं पान जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, जळकी जमीन लघुतरंग अवरक्त जास्त करते, मग दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की एक आकडा येतो त्याला एनबीआर म्हणतात, वणव्याआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा केला की डीएनबीआर, जितका मोठा तितकं जास्त जळलं. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून हे घरबसल्या होतं.

पण उपग्रह वरून बघतो ना, त्याला झाडाचा शेंडा दिसतो. पुराला शेंड्याशी घेणं नाही, मातीशी आहे. शेंडे काळे पण खाली पाला शाबूत असंही होतं. म्हणून अमेरिकेत वनखात्याची एक खास टीम, बीएईआर म्हणतात तिला, आग पूर्ण विझायच्या आतबाहेरच डोंगरावर जाते. ही मंडळी फावड्याने माती उकरून बघतात, बारीक मुळं जळलीत का, राखेचा रंग काळा आहे की पांढरा, मातीचा रवा सुटलाय का, आणि बाटलीतून थेंब टाकून घड्याळ बघतात की थेंब मुरतो की मोत्यासारखा बसून राहतो. त्यावरून उपग्रहाचा नकाशा दुरुस्त करून मातीच्या जळिताचा नकाशा बनवतात. तू पण जा. दहा ठिकाणी का होईना, खड्डा मार, थेंब टाक, फोटो काढ. थेंब नुसता वर टाकू नकोस, राख बाजूला करून एकेक सेंटिमीटर खाली जात टाक, कारण मातीचं तापमान साधारण १७५ ते २०० अंशांपर्यंत गेलं तर तो मेणचटपणा वाढतो, २८० च्या वर गेलं तर तोच जळून जातो, म्हणजे सगळ्यात भयंकर जळलेल्या जागी वरची माती पाणी पिते आणि तिच्या खालची पीत नाही असा चकवा असतो.

पुढची पायरी उताराची. यूएसजीएसच्या मॉडेलमध्ये प्रत्येक छोट्या घळीसाठी मुख्य गोष्टी बघतात: घळीच्या वरचा किती भाग मध्यम ते जास्त जळलाय आणि त्याच वेळी २३ अंशांपेक्षा जास्त उताराचा आहे, सरासरी डीएनबीआर किती, माती किती सहज धुपते, आणि या सगळ्याला गुणायला १५ मिनिटांचा पाऊस. यातून लोंढा यायची शक्यता टक्क्यात निघते. समजा पावसाचा जोर ताशी २४ मिलिमीटर धरला, म्हणजे १५ मिनिटांत फक्त ६ मिलिमीटर. ६ मिलिमीटरला आपण पाऊस म्हणत सुद्धा नाही, भुरभुर झाली म्हणतो. पण ते मॉडेल तिकडच्या मातीवर आणि तिकडच्या वणव्यांवर बसवलेलं आहे, ते हिमालयात जसंच्या तसं उचलून टाकलंस तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. वापर, पण घळींची आपसात तुलना करायला वापर, टक्के छापू नकोस.

आणि खरा खड्डा पुढंच आहे: पाऊस. आपल्याकडं सहज मिळतो तो सकाळी साडेआठला मोजलेला २४ तासांचा आकडा. त्यात ती १५ मिनिटं कुठं हरवतात कळत नाही. जवळपास कुठं स्वयंचलित पर्जन्यमापक असेल तर त्याचा कच्चा डेटा मिळवायला आत्तापासून मागं लाग, पत्र, फोन, परत पत्र, हे काम कोडिंगपेक्षा जास्त वेळ खातं.

यानंतर पाणी खाली आणायचं. एचईसी-एचएमएस या सॉफ्टवेअरमध्ये जळालेल्या भागाचा कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी न मुरता वाहील ते सांगणारा आकडा) चढवायचा, पाणी पोचायचा वेळ कमी करायचा, मग एचईसी-रास या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टू-डी करून कुठं किती पसरतं ते बघायचं. इथं पोरं हमखास एक चूक करतात, स्वच्छ पाणी सोडतात. हे पाणी नसतं गं, गाळ मिसळला की आकारमान फुगतं, म्हणून विसर्गाला फुगवटा गुणक लावतात. आणि पूल, मोऱ्या उघड्या धरू नकोस. एक रन मोकळ्या मोरीचा कर, एक ओंडक्यांनी पूर्ण बुजलेल्या मोरीचा. दुसऱ्या रनमध्ये पाणी जिथं वळेल ते बघून तुझे गाइड पण खुर्चीत सरळ बसतील.

साताऱ्याहून एक वाचक: काका, आमच्याकडं दर वर्षी फेब्रुवारी ते मे डोंगर पेटतो. कुणी म्हणतं गवत चांगलं येतं म्हणून लावतात, कुणी बिडी टाकतं. वनखातं जाळरेषा काढतं, आम्ही पोरं रात्री फांद्या घेऊन विझवायला जातो. मग माळीण, इर्शाळवाडीसारखं आमच्यावर येईल का?

आधी एक गाठ सोडवू. माळीण २०१४, इर्शाळवाडी २०२३, दोन्ही जुलै, दोन्हीकडं आधी भरपूर पाऊस मुरून डोंगर आतून भिजला होता आणि मग कडा सुटला. वणव्यानंतरचा लोंढा तसा येत नाही, त्याला माती भिजायची गरजच नाही. कोरड्या मातीवर जोरात सर आली की पृष्ठभागावरूनच पाणी सुटतं, छोट्या रेघा पडतात, रेघांचे चर होतात, चर घळीला मिळतात आणि वाटेतलं सगळं उचलत खाली येतात. त्यामुळे माळीणचं खापर वणव्यावर फोडू नका, तसली व्हॉट्सॲप मला पण आलीत.

आपल्या डोंगरावर जळतं ते मुख्यतः वाळलेलं गवत. गवताची आग पळते, एका जागी थांबत नाही, त्यामुळे माती खोलवर भाजत नाही. पाइनच्या जंगलात पालापाचोळ्याचा जाड थर आणि पडलेली खोडं तासन् तास धुमसतात, तिथली माती वेगळीच भाजते. त्यामुळे रुईडोसोसारखं चित्र इथं होईल असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी तोच उतार जळतोय, रोपं उभीच राहत नाहीत, आणि वळवाची पहिली जोरदार सर पडते तेव्हा उतार पूर्ण उघडा असतो. गवत उगवायला पंधरा दिवस लागतात, माती जायला अर्धा तास. माझ्या मते आपल्याकडचं नुकसान पुराच्या नकाशात नाही तर बंधाऱ्याच्या गाळात दिसतं. तुमच्या गावचा पाझर तलाव किंवा सिमेंट बंधारा उन्हाळ्यात कोरडा पडला की काठी खुपसून गाळ किती चढला ते मोजा, जळणाऱ्या डोंगराखालचा आणि न जळणाऱ्या डोंगराखालचा, दोन्ही. दोनतीन वर्षं मोजलंत तर ग्रामसभेत बोलायला हातात काहीतरी राहील.

पॅसाडीनाहून एक वाचक: सर, जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यात आमच्या पलीकडचा अल्टाडिना भाग गेला. आमचं घर वाचलं. आता जरा पाऊस आला की फोन कर्कश वाजतो, बाहेर पडा. नकाशात आमची गल्ली लाल भागाच्या बाहेर आहे, रस्त्याच्या पलीकडं लाल आहे. पुण्याहून सासूबाई आल्यात, दोनदा हॉटेलात हलवलं, दोन्ही वेळा काही झालं नाही. आता त्या म्हणतात मी हलणार नाही. काय करू?

सासूबाईंना मॉन्टेसिटोची गोष्ट सांगा, तुमच्यापासून दीड-दोन तासांवरचंच गाव आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस वणवा लागला, दोन लाख ऐंशी हजार एकरांवर जळलं. ९ जानेवारी २०१८ ला पहाटे, आग अजून अधिकृतपणे आटोक्यात आल्याचं जाहीर पण झालं नव्हतं, तेव्हा डोंगरावर सर आली, पाच मिनिटांत अर्धा इंच. गावातून राज्यमार्ग १९२ जातो. त्याच्या वरच्या बाजूला सक्तीने घरं सोडायचा हुकूम होता, खालच्या बाजूला ऐच्छिक. रस्ता ही प्रशासनाला सोयीची रेषा, लोकांना सांगायला सोपी. लोंढ्याला रस्ता वाचता येत नाही. वरून मोटारीएवढे दगड आले, पुलांच्या मोऱ्या बुजल्या, ओढ्यांनी पात्र सोडलं आणि गल्ल्यांतून, परसातून वाट काढली. २३ माणसं गेली, त्यातली बरीच रस्त्याच्या खालच्या बाजूची, आपण बाहेर आहोत असं धरून झोपलेली. शेजारून जाणारा १०१ नंबरचा महामार्ग जवळजवळ दोन आठवडे चिखलाखाली बंद होता.

तेव्हा तुमच्या रस्त्याच्या पलीकडचा लाल रंग तुमच्या बाजूला अचानक पांढरा होतो असं समजू नका. नकाशावर कुठंतरी रेघ मारावीच लागते म्हणून मारलीय. गल्ली आजूबाजूपेक्षा खोलगट आहे का, वरच्या बाजूला मोरी किंवा गाळाचा बांध आहे का, तो भरत आला तर पाणी कुठल्या गल्लीतून येईल, हे दिवसाउजेडी पायी फिरून बघा, सासूबाईंना पण घेऊन जा, त्यांचा फेरफटका होईल.

दोनदा काही झालं नाही हे खरं आहे, आणि तिसऱ्यांदाही बहुतेक काही होणार नाही. सर कुठल्या टेकडीवर पडेल हे अर्धा तास आधी कुणी सांगू शकत नाही, म्हणून हुकूम संध्याकाळीच काढतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टोकाला, पॅलिसेड्सच्या जळालेल्या भागाखाली, अग्निशामक दलाची गाडी लोंढ्याने समुद्रात ढकलली, चालक कसाबसा बाहेर आला. ती माणसं तर सावध होती, कामावर होती. पहिले दोन पावसाळे हे असंच चालणार, त्यानंतर पण काही वर्षं लक्ष ठेवायचं.

हॉटेलचा वैताग असेल तर जरा लांबच्या सपाट भागात राहणारं एखादं मराठी कुटुंब आधीच बोलून ठेवा, पाऊस म्हणजे तिकडं मुक्काम, भजी आणि पत्ते. सासूबाईंची बीपीची औषधं, चष्म्याची दुसरी जोडी, पासपोर्ट एका पिशवीत दाराशी. आणि काहीही कारणाने अडकलातच तर पाण्यातून गाडी काढू नका, वरच्या मजल्यावर जा, डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत.